विंगेतली एकोणीस लग्नं

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे पनवेलच्या बाजारातून एक झाकण आणलं.

गुरुवार होता. दुपारी जेवून विचुंब्याहून रिक्षानं गेलो. भांड्यांच्या दुकानात हिनं आधी स्टूल मागून घेतलं, कारण हल्ली तिला उभं राहवत नव्हतं. मग दुकानदाराला बोलली, "झाकनां काढ."

"कुठल्या मापाची, आजी?"

"मापाची नको. आवाजाची काढ."

दुकानदार तिला ओळखून होता. त्यानं मुकाट्यानं झाकणांची चळत समोर ठेवली. ही एकेक झाकण दोन बोटांनी उचलायची, दुसऱ्या हातातल्या अंगठीनं टिचकी मारायची, कानाशी न्यायची आणि आवाज पुरता मरेपर्यंत डोळे मिटून बसायची. मागं गिऱ्हाइकं तुंबली. एक बाई हळूच मला बोलली, "काका, यांना बरं नाही का?"

"बरं नाहीच," मी बोललो. "पण ते छातीचं. हे जुनं आहे."

अकरावं झाकण तिला पसंत पडलं. घरी आणून बघतो तर एकाही पातेल्यावर बसेना. मी विचारलं, "आता गो?" ती बोलली, "आता पातेला बगू." संध्याकाळी जवळा-भाकरी खाल्ली, गोळी घेतली, आडवी झाली आणि झोपेतच गेली. मला कळलं ते उजाडल्यावर.

त्या सकाळी मी काय केलं त्यावरून आमच्या नाटक मंडळात अजून चर्चा चालते आणि अर्धे लोक चुकीचं सांगतात. म्हणून मीच लिहितो. रविवारी स्पर्धेची शेवटची फेरी होती, परगावी. त्या नाटकात हिचं गाणं राहणार की निघणार, एवढाच प्रश्न होता. पण ही काय चीज होती ते कळल्याशिवाय तो प्रश्न कळायचा नाही. रविवारी पुढं काय झालं ते सांगायला मंडळ आहे. मी सुतकात घरी होतो.

आम्ही आगरी माणसं. मी जवानीत मिठागरात राबलो, मग जमिनी गेल्या तेव्हा एका गोडाऊनवर वॉचमन झालो. ही गव्हाणची. शिकलेली माझ्याहून कमी, म्हणजे अजिबात नाही. पनवेलात एका शाळेत झाडूपोछा करायची आणि शाळेच्या हॉलची किल्ली तिच्या कमरेला असायची. संध्याकाळी त्या हॉलमध्ये नाटकवाल्यांच्या तालमी चालत. ती मंडळी शहरातली. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी कचेरीत. ही किल्ली घेऊन दाराशी बसून राहायची, कधी एकदा यांचं संपतंय आणि कुलूप घालतेय, म्हणून.

नाटक खाडीकाठच्या गावातलं होतं. डायरेक्टरनं भरतीच्या शीनला टेप लावली. लाटा आपल्या धाडधाड फुटतायत. ही दारातून बोलली, "यो समुदर हाय."

डायरेक्टर बोलला, "मावशी, भरती आहे ती."

"खारीला भरती येतं ती बोंबलत येत नाय. चोरावानी येतं."

"मग चोराचा आवाज कसा काढायचा?"

हिनं पोछाची बादली पुढं ओढली. ओलं गोणपाट बादलीच्या कडेवर दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. मधेच तोंडानं बुडुक, बुडुक केलं. भरती चढताना चिखलातल्या खेकड्यांच्या बिळांत पाणी शिरतं, त्याचे बुडबुडे ते. शहरातल्या त्या लोकांनी खाडी बघितली होती ती पुलावरून, गाडीच्या काचेतून. तरी सगळे दाराशी जमले. डायरेक्टरनं टेप काढून खिशात घातली. त्या दिवसापासून मंडळाचा आवाज हीच.

घरी आली आणि मला बोलली, "उंद्यापासून मी नाटकान हाय."

"काय काम?"

"खारी."

मी बोललो, "देवा."

तिला हा आजार लग्नाच्या आधीपासून होता. मी तिला बघायला गव्हाणला गेलो तेव्हा ती पडद्याआड होती. नंतर कळलं की तिनं मला बघितलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. बापाला बोलली, "याच्या चपलांचा आवाज सरल हाय. माणूस दारू पीत नसल." मी तेव्हा पीत होतो. पण त्या दिवशी चपला नव्या होत्या.

मयताला गेली की कोपऱ्यात बसून रडणं ऐकायची. घरी येताना रस्त्यात मला निकाल सांगायची. "सून खरी रडते. जाऊ नाकानं रडते. आन तो मोठा भाव, त्याचा हुंदका आत जाताना येतो, भायेर येताना नाय. खोटा." मी बोलायचो, गप गो, मागं लोकं आहेत. तर बोलायची, "त्यांचीबी चाल आयकतेय."

घरात कुठल्याच बिजागरीला तेल घालायचं नाही असा नियम होता. मोरीचं दार असं करकरायचं की शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाला कळायचं, म्हातारा अंघोळीला गेला. आमचा जावई चांगला पोरगा, सणाला आला होता. त्याला वाटलं सासूबाईंना मदत करावी. त्यानं स्कूटरचं ऑईल आणून घातलं. दार गप्प झालं. ही आतून आली, दार उघडलं, मिटलं, उघडलं. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"काय झालं आई?"

"कायेक नाय. आठ वर्सां मी तो आवाज पिकवीत होती."

जावयाशी ती पुढच्या गणपतीपर्यंत बोलली नाही. रॉकेलनं ऑईल धुऊन, मीठ-पाणी मारून मारून तिनं तो आवाज परत आणला. त्याला कारणही होतं. खाडीच्या नाटकात दुसऱ्या अंकात खोताच्या घराचं दार उघडतं, ते आमच्या मोरीचं दार होतं. प्रयोगाच्या दिवशी मी पेचकसानं दार उतरवायचं, टेम्पोत घालायचं, विंगेत चौकटीला बसवायचं. तोवर घरी कोणी अंघोळ करायची नाही. एकदा गव्हाणहून तिची बहीण मुक्कामाला आली आणि आम्ही दार घेऊन प्रयोगाला गेलो. तिनं मोरीला चटई लावून अंघोळ केली आणि पुढं दोन वर्षं गावभर सांगत फिरली की बहिणीला नाटकानं भिकेला लावलं, दारंसुद्धा विकली.

मीही एकदा आवाज झालो होतो. मंडळाच्या दुसऱ्या एका नाटकात सावकार झोपलेला असतो आणि त्याचं घोरणं ऐकू येतं. कोणी तोंडानं घोरून दाखवलं, हिला पटेना. बोलली, "खोटा घोरना लगेच कलतां." मग प्रयोगाच्या दिवशी मला दुपारी मटण-भात घातला आणि विंगेत माईकजवळ निजवलं. मी काय, निजलो. घोरलो असा की डायरेक्टरनं कपाळाला हात लावून हिला नमस्कार केला म्हणे. पण शीन संपला तरी मी उठेना. ही मला उठवू देईना, कारण, "त्यांची झोप मोडली तर डोका दुखतो." पुढचा शीन नायिकेच्या बापाच्या मयताचा. स्टेजवर मढं, बायका रडतायत, आणि विंगेतून घोरणं. लोकांना वाटलं मढंच घोरतंय. मढ्याला हसू आवरेना, ते कापडाखाली गदगदा हलायला लागलं. पहिल्या रांगेतली एक बाई ओरडली, "अहो, जिवंत आहे तो!" मला जाग आली ती टाळ्यांनी.

आता लग्नाचं.

आमच्यात लग्नात धवला गातात. भटजी मंत्र म्हणतो ते म्हणतो, पण लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यानं. धवलारीण म्हणजे जाणती बाई. ती गाऊन देवांना बोलावते, गावाला बोलावते, मेलेल्यांना नावानं बोलावते, सगळे मांडवात आले की मग नवरानवरीला बांधते. आमची ही धवलारीण होती. पनवेल-उरणच्या गावागावांत तिला बोलावणी असत. तिनं लावलेलं एकही लग्न मोडलं नाही असं लोक सांगत. दोन मोडली होती, पण त्यात भटजी नवीन होता असं ती सांगायची.

खाडीच्या नाटकात मिठागरातल्या मजुराच्या पोरीचं लग्न होतं. डायरेक्टरनं सनई लावली. हिनं कान झाकले.

"कोनाचा लगीन हाय? राजाचा? मिठागरवाल्याचे पोरीला सनई? धवला कुटं हाय?"

डायरेक्टरचे डोळे चमकले. "मावशी, तुम्ही म्हणता?"

"मी म्हनते. पन मी म्हटला तर लगीन लागंल."

"लागू दे ना. शीन लग्नाचाच आहे."

"तुजा शीन. माजा धवला खराच हाय. यांचा खराच लगीन लागंल."

स्टेजवरचा नवरा म्हणजे बँकेत कॅशियर, पन्नाशीचा, दोन पोरांचा बाप. नवरी म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांचा नवरा इंजिनेर, तोही तिथंच त्यांना न्यायला आलेला. सगळे हसले. ही हसली नाही. बोलली, "मांडव हाय, अंतरपाट हाय, हलद लागलेली हाय. धवल्याला काय कलतां का, हे खोटे आन ते खरे?"

डायरेक्टरनं समजावलं, विनवण्या केल्या, शेवटी बोलला की थोडं बदलून म्हणा. ही बोलली की बदलून म्हटला तर अर्धं लगीन लागेल, ते आणखी वाईट. चार दिवस तालीम अडून राहिली. पाचव्या दिवशी भाकऱ्या थापताथापता तिला सुचलं.

"आवं, तुमी विंगेन बसा."

"मी कशाला?"

"मुंडावल्या बांधून. माजे शेजारी. मी मनान आपला दोगांचा नाव धरून म्हनीन. लगीन आपल्यावर पडल. ते दोगं सुटतील."

"आपलं झालंय गो एकदा."

"झालेल्यावर पडला तर काय बिगरत नाय. भरलेले हंड्यावर पानी."

तर अशी माझी नाटकातली नोकरी सुरू झाली. लग्नाचा शीन आला की मी विंगेत, बनियनवर, कपाळाला मुंडावळ्या बांधून लोखंडी खुर्चीत बसायचो. एका हातात गडगडाटाचा पत्रा, कारण पुढचा शीन वादळाचा. ही शेजारी, तिच्याही कपाळाला मुंडावळ्या, पायाशी बादली, गोणपाट, नारळाच्या करवंट्या. स्टेजवर अंतरपाट धरला जायचा आणि ही डोळे मिटून सुरू करायची. आवाज काही गोड नव्हता. जाड होता, खारा होता. पण पनवेलच्या नाट्यगृहात वरच्या शेवटच्या रांगेतली माणसं खुर्चीत सरळ बसायची. माझ्या आईबापाचं नाव त्यात यायचं, माझ्या आज्याचं यायचं. पहिल्या प्रयोगाला मी आपला मजेनं बसलो होतो. आज्याचं नाव आलं आणि पत्रा हातातून पडला. स्टेजवर लग्नात वीज कडाडली. पेपरात आलं की लग्नाच्या वेळी गडगडाट करून दिग्दर्शकानं पुढच्या संकटाची चाहूल दिली. डायरेक्टरनं पुढं प्रत्येक प्रयोगात मला त्याच जागी पत्रा पाडायला लावला.

गंमत इंजिनेरची. तो माणूस देवळाबाहेर चपला राखत उभा राहणारा, आत न जाणारा. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं तो हसला होता. तिसऱ्या प्रयोगाला विंगेत आला.

"काका, बसलाय ना?"

"बसलोय."

"नाही, सहज विचारलं."

सातव्या प्रयोगाला येऊन माझी मुंडावळ्यांची गाठ ओढून बघितली. "सैल वाटते काका."

मी बोललो, "सायेब, तुमचा विश्वास नाय ना?"

"विश्वासाचा प्रश्नच नाही. पण तुम्ही एवढं करताच आहात, तर गाठ पक्की असलेली बरी."

दहाव्या प्रयोगाला मला लघवीला लागली. आलोच म्हणून मी उठलो, तर हा मुतारीपर्यंत मागं. "काका, चार मिनिटं राहिलीत. काका, अंतरपाट निघाला." मी तसाच मुंडावळ्या सांभाळत पळत आलो. बाहेर चहावाला बोलला, या वयात?

तीन वर्षांत एकोणीस प्रयोग झाले. म्हणजे एकोणीस लग्नं. ही ती खरीच धरायची. प्रयोगाहून आलो की दारात भाकरतुकडा ओवाळायची आणि मला उखाणा घ्यायला लावायची. मला एकच येतो, तोही अर्धा. खोटं कशाला बोलू, मी कुरकुर करायचो. पाय आखडतात, मुंडावळ्या टोचतात, लोक हसतात, असं सगळं बोलायचो. पण बनियन मी प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्वतः धुवायचो, निळीत घालून. एरवी ते काम तिचं.

मग तिची छाती बिघडली. डॉक्टर बोलला की जिना नाही, प्रवास नाही, धावपळ नाही. त्याच महिन्यात नाटक शेवटच्या फेरीला गेलं, आणि फेरी परगावी, गाडीनं सात तास. ही पिशवी भरायला बसली. करवंट्या, गोणपाट, सगळं. मी पिशवी उचलून माळ्यावर टाकली. डायरेक्टर आला तेव्हा त्याला उभ्यानं बोललो, "तिला नेलंस तर तुझे पाय मोडीन." मी तिच्यासमोर एवढ्या वरच्या आवाजात कधी बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी बोलली, "तुमचा आवाज फाटला तवा. ओरडू नका. शोभत नाय तुमाला."

डायरेक्टर बोलला, आवाज भरून घेऊ. बादली, दार, खाडी, हे सगळं तिनं खुशीनं भरून दिलं. लॅपटॉप घेऊन तो घरी बसायचा आणि ही त्याला मोरीचं दार उघडून द्यायची. पण धवला भरून द्यायला तयार होईना.

"डब्यान भरलेला धवला कोनीपन कुटंपन लावील. हाटेलान लावील. रिक्षान लावील. ज्याचे-त्याचे लगीन लागतील. कोन कुनाला पडल, त्याला जबाबदार कोन?"

"मावशी, फक्त रविवारी वाजवू. मग माझ्या हातानं पुसून टाकतो. शपथ."

"आन रविवारी पडल कुनावर?"

आमच्या ओटीवर त्यावर पंचायत बसली. डायरेक्टर, बाई, इंजिनेर, मी आणि ही. मी एकटा जाऊन विंगेत बसलो तर चालेल का? ही बोलली नाही, नवरी शेजारी नसेल तर एकट्यावर कसं पडणार, सांडेल. इंजिनेर वहीत काहीतरी आकृती काढत होता. बोलला, "मावशींची एखादी वस्तू शेजारी ठेवली तर?" बघा, हा माणूस. शेवटी ठरलं की मी जायचं, शेजारच्या खुर्चीवर हिचं लगनातलं लुगडं ठेवायचं, त्याला मुंडावळ्या बांधायच्या.

मी बोललो, "लुगड्याबरोबर माझं लग्न लागलं तर?"

"लागू द्या. तो माज्यापेक्षा कमी बोलतो."

मंगळवारी दुपारी धवला भरला. मला शेजारी मुंडावळ्या बांधून बसवलं होतंच. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. ती मध्यावर आली आणि बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. डायरेक्टरनं हात वर केला, थांबा, परत घेऊ. हिनं गाता गाताच मान हलवली आणि पुढं गेली. संपल्यावर बोलली, "र्‍हावं दे. सुरान होता तो. लगनान कोन कोन येतां."

नंतर बराच वेळ तिला दम लागला होता. पाणी पिऊन बोलली, "आता रविवारी नीट बसा. माजा पयला धवला असल, मी नसताना." मी बोललो, बसेन. गुरुवारी आम्ही झाकण आणायला गेलो.

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत घर भरलं. गव्हाणहून तिचे भाऊ-भावजया, बहीण, शेजारपाजार. जावई मोरीच्या दाराला टेकून रडत होता. आत आमच्या मुलीनं आणि बायकांनी तिला अंघोळ घातली. नवऱ्याआधी गेली, म्हणून नवरीसारखी सजवायची होती. मी ओटीवर बसलो होतो. मंडळातले लोक आले, माझ्यासमोर खाली बसले.  डायरेक्टर खाली मान घालून बोलला, "काका, नाटक करू. त्यांना तेच आवडलं असतं. पण धवला काढतो. सनई लावतो."

"का?"

 बाईंनी डोळे पुसले. बोलल्या, "काका, मी मूर्ख आहे असं म्हणा. पण आता त्यांचा आवाज लागला आणि तुम्ही दोघं नसलात, तर मी त्या अंतरपाटामागं उभी नाही राहू शकत. कॅशियरसाहेबही नाही म्हणतायत." कॅशियर भिंतीकडं बघत होता. इंजिनेर त्याहून खाली, फरशीकडं. मला सुतक. आणि सुतक नसतं तरी आता मी कशाचा नवरा?

म्हणजे तिचा धवला निघणार. तिथं सनई लागणार, जी ऐकून तिनं कान झाकले होते. तिनं चार दिवस तालीम अडवली होती ती तो धवला खोटा होऊ नये म्हणून, आणि मेल्यावर पहिल्याच दिवशी तो बाहेर.

मी डायरेक्टरला विचारलं, "त्या शीनला नवरदेव बोलतो काय?"

"काही नाही. नुसता उभा असतो."

"तोंड दिसतं?"

"नाही, पाठमोरा. वर फेटा."

"मग तेवढ्यापुरता इंजिनेरला उभा करा. फेटा बांधून. नवराबायको आहेत, त्यांचं त्यांच्यावर पडेल."

 आत बायकांची कुजबुज चालली होती. इंजिनेरनं मान वर केली. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि त्या एवढ्या दुःखात त्यांना हसू फुटलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. कॅशियर बोलला, "अरे, म्हणजे हे इतकं सोपं होतं?"

डायरेक्टर माझ्याकडं बघत राहिला. "काका, तुम्हाला हे आत्ता सुचलं?"

"नाय. पयल्या प्रयोगालाच."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मला कोण बसवणार होतं तिथं?"

त्यानं माझा गुडघा धरला. मला वाटतं, तिलाही सुचलं असणार. जिला झाकणातला फरक कळतो, तिला पाठमोरा माणूस बदलता येतो हे कळत नव्हतं, असं कसं धरायचं? पण तीही बोलली नाही. आम्ही दोघं एकमेकांना चोर होतो, आणि चोरी एकच.

तेवढ्यात आतून तिच्या बहिणीनं हाक मारली. हिरव्या बांगड्या चढत नव्हत्या. हात सुजलेला आणि ताठ, बायका जोर करायला भीत होत्या. एक फुटली होती. मी आत गेलो, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. साबणाची वडी मागून घेतली. तिचा अंगठा आत दुमडला, बोटं जुळवली, मनगटाला फेस लावला आणि एकेक करून सगळ्या बांगड्या मीच भरल्या. दोन्ही हातांत.